‘तुमचे अंतःकरण अस्वस्थ होऊ नये’: शोक करणारे हृदय आणि ख्रिस्ती श्रद्धा

सांजघंटा

सर्वांना नमस्कार. हा विषय अनेक महिने मनात घोळत आहे. येथे निरनिराळ्या ख्रिस्ती परंपरांतील आणि अन्य धर्मांतील जाणकार वाचक आहेत, म्हणून थोडे सविस्तर मांडते.

मी मूळची वसईची, कॅथलिक. सध्या पुण्यात असते. जानेवारीत माझे वडील गेले. त्यानंतर नवव्या दिवशी पहाटे आईच्या छातीत दुखू लागले, डावा हात जड झाला आणि तिला दरदरून घाम फुटला. आम्ही तिला तातडीने रुग्णालयात नेले. ईसीजी बिघडलेला होता आणि रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचे दाखवणारे प्रथिन) वाढलेले होते, त्यामुळे हा हृदयविकाराचा झटका आहे असेच सर्वांनी धरले. अँजिओग्राफीत मात्र तिन्ही रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या. नंतर इको (हृदयाची सोनोग्राफी) करताना डॉक्टरांनी मला पडद्याजवळ बोलावून दाखवले: हृदयाच्या डाव्या कप्प्याचे खालचे टोक फुगले होते आणि जवळजवळ हलतच नव्हते, वरचा भाग तेवढा जीव खाऊन आकुंचन पावत होता. या विकाराचे नाव ‘ताकोत्सुबो’ असल्याचे त्यांनी सांगितले आणि विचारले, “घरात नुकतेच काही झाले आहे का?” मला उत्तर देता आले नाही. माझ्या डोळ्यांना पाणी आले, तेच त्यांना उत्तर म्हणून पुरले.

आई बरी झाली. सहा आठवड्यांनंतरच्या इकोमध्ये हृदय पूर्ववत चालत होते. मात्र या काळात एक गोष्ट माझ्या मनाला लागून राहिली. आई घरी आल्यावर संध्याकाळच्या जपमाळेला नातलग जमत. एके दिवशी माळ मध्येच थांबवून ती रडू लागली, तेव्हा जवळच्या नात्यातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीने तिला सांगितले, “विश्वास असेल तर असे रडायचे नसते. ‘तुमचे अंतःकरण अस्वस्थ होऊ नये’ असे प्रभूनेच सांगितले आहे. तू हृदयाला लावून घेतलेस, म्हणून हृदयाने तुला धडा दिला.” बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नव्हता, हे मी जाणते. पण त्या दिवसापासून आईने आमच्यासमोर रडणे बंद केले, आणि मला त्या वाक्याची अधिक भीती वाटू लागली.

म्हणून माझा प्रश्न असा आहे: पवित्र शास्त्र ज्याला हृदय म्हणते, ते नेमके काय आहे? ते भावनांचे घर आहे, की श्रद्धेचे, की या छातीतल्या स्नायूशीही त्याचा काही संबंध आहे? आणि शोकाने अस्वस्थ झालेले हृदय म्हणजे कमी विश्वासाचे हृदय, असे शास्त्र खरोखर म्हणते का?

नगरचा_वाचक

सांजघंटाताई, आपल्या वडिलांच्या आत्म्यास शांती लाभो आणि मातोश्रींना बळ मिळो.

मी प्रॉटेस्टंट परंपरेतला, पेशाने शिक्षक होतो. तरुणपणी धर्मशिक्षणाच्या निमित्ताने इब्री आणि ग्रीक या भाषांचा थोडाफार अभ्यास झाला. त्या आधारावर सांगतो.

इब्री पवित्र शास्त्रात हृदयासाठी ‘लेव’ किंवा ‘लेवाव’ हा शब्द आठशेहून अधिक वेळा येतो, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ आजच्या ‘भावना’ या शब्दापेक्षा बराच मोठा असतो. विचार करणारा अवयव म्हणून मेंदूचा उल्लेख त्या ग्रंथांत कोठेच नाही. विचार, आठवण, निर्णय, हट्ट, शहाणपण हे सारे लेवमध्येच घडते. राजा शलमोनाला देवाने वर माग म्हटले, तेव्हा त्याने जे मागितले त्याचा शब्दशः अर्थ ‘ऐकणारे हृदय’ असा होतो, आणि ते त्याला हवे होते न्याय करण्यासाठी. मिसरचा राजा फारो याने इस्राएल लोकांना जाऊ दिले नाही, त्या कथेत त्याचे हृदय ‘जड’ झाले असे क्रियापद अनेकदा येते. तेथे दुःखाने जड झालेले मन अभिप्रेत नसून, सत्य कळत असूनही न हलणारी इच्छाशक्ती अभिप्रेत आहे.

मग भावना कोठे राहतात? काही हृदयातही राहतात, पण इब्री कवी त्या पुष्कळदा पोटात शोधतात. नीतिसूत्रांत आनंदाने मूत्रपिंडे उल्हासतात. यरुशलेमच्या नाशावर रचलेल्या विलापगीतात शोक करणाऱ्याची आतडी ढवळून निघतात आणि काळीज जमिनीवर सांडते. तेथील मूळ शब्द यकृताचा आहे. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. आपणही ‘आतडे तुटते’, ‘पोटात कालवते’ असेच म्हणतो. शुभवर्तमानात येशूला लोकांचा कळवळा आला असे आपण वाचतो, तेथे बऱ्याच ठिकाणी जे ग्रीक क्रियापद आहे ते आतड्यांच्या नावावरूनच बनलेले आहे. नाईन गावाच्या वेशीवर विधवेच्या एकुलत्या एक मुलाची अंत्ययात्रा समोर आली, तेव्हा प्रभूचे आतडे तुटले, हा त्या वाक्याचा अगदी जवळचा मराठी अर्थ होईल.

आपल्या भाषांतरकारांचीही येथे परीक्षा झालेली दिसते. प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातील आज्ञेत देवावर ‘पूर्ण मनाने’ प्रीती कर असे आहे, ५१व्या स्तोत्रात ‘शुद्ध हृदय’ मागितले आहे आणि डोंगरावरील प्रवचनात ‘अंतःकरणाचे शुद्ध’ धन्य ठरले आहेत. मन, हृदय आणि अंतःकरण हे तिन्ही शब्द एकाच मूळ कल्पनेसाठी आले आहेत, कारण मराठीतला कोणताही एक शब्द तिला सर्वत्र पुरा पडला नाही.

आपल्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे ‘तुमचे अंतःकरण अस्वस्थ होऊ नये’ हे वचन ज्यात आहे त्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायाकडे मी उद्या सवडीने येतो. त्यात एक गोष्ट अशी आहे की ती घाईत लिहू नये.

चित्तवृत्ती

मी ख्रिस्ती नाही, वेदान्ताचा विद्यार्थी आहे. पण ‘अंतःकरण’ या शब्दाबद्दल एक भर घालावीशी वाटते. आपल्याकडील शास्त्रीय मांडणीत अंतःकरण म्हणजे आतले साधन, आणि त्याच्या चार वृत्ती सांगितल्या आहेत: संकल्प-विकल्प करणारे मन, निश्चय करणारी बुद्धी, स्मरण ठेवणारे चित्त आणि ‘मी’ म्हणणारा अहंकार. नगरच्या वाचकांनी लेवमध्ये काय काय घडते याची जी यादी दिली, ती या चौकटीत विलक्षण नेमकी बसते. ज्या कोणी हा शब्द पहिल्यांदा निवडला असेल, त्यांना मराठी वाचकाच्या मनात आधीपासून काय आहे याची उत्तम जाण असली पाहिजे.

नगरचा_वाचक

आपला मुद्दा अगदी योग्य आहे. फरक एवढाच नोंदवतो की वेदान्तात अंतःकरण हे साधन आहे, आत्मा त्याहून वेगळा साक्षी आहे. इब्री विचारात हृदयाच्या मागे वेगळा उभा असलेला असा साक्षी नाही. हृदय म्हणजे देवासमोर उभा असलेला तो माणूसच. म्हणून यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या छत्तिसाव्या अध्यायात देव साधन दुरुस्त करून देत नाही, दगडाचे हृदय काढून मांसाचे हृदय देतो. मांसाचे, म्हणजे ज्याला लागते, दुखते, असे. हा शब्द सांजघंटाताईंनी लक्षात ठेवावा असे मला वाटते.

स्पंदन

मी नाशिक येथे वैद्यकीय व्यवसाय करतो. श्रद्धेच्या बाजूने काही सांगण्याचा माझा अधिकार नाही. शरीराच्या बाजूने दोन गोष्टी लिहितो.

ताकोत्सुबो या विकाराचे वर्णन प्रथम जपानी डॉक्टरांनी १९९०मध्ये केले. ऑक्टोपस पकडण्यासाठी तेथील कोळी अरुंद तोंडाचे आणि गोल बुडाचे मडके वापरतात, त्याला ताकोत्सुबो म्हणतात. फुगलेला डावा कप्पा नेमका तसा दिसतो. रुग्णांत रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांचे प्रमाण फार मोठे असते. तीव्र मानसिक किंवा शारीरिक आघातानंतर शरीरात ॲड्रेनलिनसारख्या संप्रेरकांचा जो लोंढा येतो, त्याने हृदयाचा स्नायू काही काळ बधिर होतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, परंतु पहिले काही दिवस धोक्याचे असू शकतात आणि बाहेरून पाहून हा विकार आणि नेहमीचा झटका यांतील फरक कोणालाही सांगता येत नाही. तेव्हा ‘दुःखाने होते आहे, होईल बरे’ असे म्हणून कोणीही घरी थांबू नये. सांजघंटा यांनी लगेच रुग्णालय गाठले हे योग्यच झाले.

दुसरी गोष्ट, ‘हृदयाने धडा दिला’ या वाक्याविषयी. माझ्या अनुभवात असे रुग्ण कमकुवत मनाचे नसतात. पुष्कळदा ते घर सावरणारे, आल्यागेल्याचे पाहणारे, इतरांसमोर डोळ्यांत पाणी येऊ न देणारे असतात. यावरून मी सिद्धान्त मांडत नाही. पण रडल्यामुळे हा विकार झाला असे म्हणायला वैद्यकशास्त्रात काहीही आधार नाही, एवढे मात्र मी खात्रीने सांगतो. आपल्या मातोश्रींना हे कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगावे.

जपमाळेचा उल्लेख आला म्हणून सांगतो. २००१मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी व्यक्तींवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. जपमाळेतील मारियेची प्रार्थना लॅटिनमध्ये पारंपरिक पद्धतीने, म्हणजे अर्धी एकाने आणि अर्धी दुसऱ्याने, म्हटली की एका आवर्तनाला सुमारे दहा सेकंद लागतात आणि श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो. या गतीला हृदयाची आणि रक्तदाबाची लय एकमेकींशी जुळून येते. बौद्ध परंपरेतील एका मंत्रानेही तसेच घडले. प्रार्थनेचा अर्थ खरा की खोटा, यावर हा अभ्यास काहीच बोलत नाही. इतकेच दिसते की ज्यांनी ही माळ शतकानुशतके ओढली, त्यांचे शरीरही त्या प्रार्थनेत सहभागी होते.

वचनप्रेमी

येथपर्यंतची चर्चा आदराने वाचली. सांजघंटाताईंच्या आईविषयी मला मनापासून सहानुभूती आहे, तरीही एक सावधगिरीचा शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते.

हल्ली ‘हृदयाचे ऐका’ हा उपदेश सगळीकडे ऐकू येतो आणि तो आपल्या मंडळ्यांतही शिरला आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात मात्र हृदय सर्वांत कपटी आहे असे स्पष्ट म्हटले आहे, आणि मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभूने सांगितले आहे की माणसाला विटाळवणारे सर्व काही आतून, अंतःकरणातूनच निघते. मी हे पुस्तकातून शिकलो नाही. सख्ख्या भावाशी जमिनीवरून बिनसले आणि अकरा वर्षे मी त्याच्या दारात पाऊल ठेवले नाही. त्या अकरा वर्षांत माझे हृदय रोज मला सांगत होते की तू न्यायाने वागतोस. उपासनेत मी डोळे मिटून गाणी गात होतो, गाताना डोळे ओलेही होत, आणि तरी भावाचे नाव निघाले की आत काहीच हलत नसे. म्हणून हृदयातल्या भावनेला श्रद्धेचे प्रमाण मानू नये, असे मला कळकळीने वाटते.

शोकाविषयीही प्रेषित पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिले आहेच की ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा तुम्ही खेद करू नये. आणि नाईनच्या विधवेला तर प्रभूनेच ‘रडू नको’ म्हटले. तेव्हा त्या नातलगाचे बोलणे कठोर असेल, पण शास्त्राला सोडून होते असे म्हणता येईल का?

नगरचा_वाचक

वचनप्रेमी, आपण आपल्या भावाविषयी जे लिहिलेत, ते लिहायला धैर्य लागते. फारोच्या ‘जड’ हृदयाचा याहून स्पष्ट अर्थ मला वर्गात कधी सांगता आला नव्हता. हृदय कपटी असू शकते हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्याच यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायात देव आपले नियमशास्त्र लिहिण्यासाठी दुसरी पाटी शोधत नाही, त्याच हृदयावर लिहितो. रोगाचे स्थान तेच आणि औषध लावण्याची जागाही तीच.

आता तुमच्या दोन वचनांकडे येतो. पौलाचे वाक्य पुन्हा वाचावे. ‘खेद करू नका’ एवढेच म्हणून तो थांबत नाही; आशा नसलेल्यांसारखा करू नका, असे म्हणतो. आशा असलेल्याचा खेद त्याने मना केलेला नाही. नाईनला ‘रडू नको’ म्हणणाऱ्याचे आतडे आधी तुटले होते आणि पुढच्याच क्षणी तो तिरडीला हात लावून मुलाला उठवणार होता. ज्याच्या हातात मृताला उठवण्याचे सामर्थ्य आहे त्याने ‘रडू नको’ म्हणणे वेगळे, आणि आपण म्हणणे वेगळे. शिवाय तोच प्रभू बेथानीत, त्याचा मित्र लाजर मरण पावल्यावर, लाजराची बहीण मरीया हिला रडू नको म्हणत नाही. तिला आणि तिच्याबरोबरच्या लोकांना रडताना पाहून तो स्वतः रडतो, आणि लाजराला उठवायचे आहे हे ठाऊक असूनही रडतो.

कालची राहिलेली गोष्ट येथेच येते. योहानाच्या चौदाव्या अध्यायात ‘अस्वस्थ होऊ नये’ असे जेथे आहे, तेथे मूळ ग्रीक क्रियापद ‘तारास्सो’ हे आहे. पाणी ढवळून गढूळ होणे, खळबळणे, असा त्याचा अर्थ. बेथेस्दाच्या तळ्याचे पाणी हलते तेथेही योहान हेच क्रियापद वापरतो. आता त्याच्या आधीचे तीन अध्याय पाहावेत. अकराव्यात लाजराच्या कबरेकडे जाताना येशू ‘तारास्सो’ होतो. बाराव्यात स्वतःच्या मरणाची घटका जवळ आल्यावर तो म्हणतो की माझा जीव ‘तारास्सो’ झाला आहे. तेराव्यात आपल्यातलाच एक जण आपल्याला धरून देणार हे सांगताना तो आत्म्यात ‘तारास्सो’ होतो. सलग तीन अध्यायांत तीन वेळा, आणि मगच, त्याच रात्री, त्याच मेजावर, तो शिष्यांना म्हणतो की तुमचे अंतःकरण ‘तारास्सो’ होऊ नये. मराठीत या जागी विव्हळ, व्याकूळ, अस्वस्थ असे निरनिराळे शब्द आल्यामुळे हा धागा आपल्या वाचकाच्या हाती लागत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

ज्याचे स्वतःचे अंतर तीनदा ढवळून निघाले, त्याच्या तोंडचे हे वाक्य आहे. त्याने ते दटावणी म्हणून उच्चारले असेल हे मला कदापि पटत नाही. ‘तुमच्या वाट्याची खळबळ मी अंगावर घेतली आहे, तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवा’, असा त्याचा सूर मला ऐकू येतो. ताई, हे आईंना सांगा.

बावखल

सांजघंटा बाळ, मी तुमच्याच वसईचा, वयाने तुझ्या वडिलांच्या बरोबरीचा असेन. मास्तरांनी लिहिलेले वाचून मी थोडा वेळ मोबाइल बाजूला ठेवला आणि समोरच्या भिंतीकडे पाहत बसलो.

आमच्या ओटीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे. माझ्या आजोबांनी लावलेली. काचेच्या आतून कडा पिवळ्या पडल्या आहेत, खाली लाल दिवा अजून जळतो. पूर्वी तेलाचा होता, आता विजेचा आहे. लहानपणी मला त्या चित्राची भीती वाटे, कारण हृदय अंगाच्या बाहेर काढून दाखवलेले होते. त्याच्याभोवती काट्यांचे वेटाळे, वर क्रूस आणि ज्वाळा, आणि कुशीत भाल्याची जखम. आजी म्हणे, “झाकून ठेवले असते तर आपल्याला कसे कळले असते, त्याला किती लागले ते?”

ही भक्ती आज ज्या रूपात आहे, ते रूप तिला फ्रान्समधील पॅरे-ल-मोनियाल येथील संत मार्गारेट मेरी अलाकोक या संन्यासिनीला १६७३ ते १६७५ या काळात झालेल्या दर्शनांतून मिळाले. त्या काळी तेथे देवाला अतिकठोर मानणारी एक विचारधारा जोरात होती. माणसे आपण अपात्र आहोत या भयाने कम्युनियनपासून (उपासनेत पवित्र भाकर स्वीकारण्यापासून) दूर राहत. अशा वेळी ख्रिस्ताचे जखमी हृदय पुढे आले. पोप नववे पायस यांनी १८५६मध्ये हा सण सर्व ख्रिस्तसभेसाठी लागू केला. आपल्या गावांत पहिल्या शुक्रवारची मिस्सा (कॅथलिक उपासनाविधी) आणि जून महिन्यातील प्रार्थना याच भक्तीतून आल्या. आमच्या प्रॉटेस्टंट बंधूंना चित्रापुढे दिवा लावणे रुचत नाही, हे मी जाणतो आणि त्यावर वाद घालणार नाही. पण ते चित्र ज्या वचनाकडे बोट दाखवते ते वचन, म्हणजे योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायातील भाल्याने भोसकलेली कूस, आपणा सर्वांचे आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २४ ऑक्टोबर २०२४ रोजी याच विषयावर ‘दिलेक्सित नोस’ हे विश्वपत्र (पोपांचे सर्व ख्रिस्तसभेला उद्देशून पत्र) दिले. त्यात एक छोटी गोष्ट आहे, ती मला फार आवडते. यंत्रांच्या या युगात माणसाचे माणूसपण कशात आहे हे सांगताना, लहानपणी आईबरोबर किंवा आजीबरोबर घरी केलेल्या करंजीसारख्या पदार्थाच्या कडा काट्याने दाबून बंद करण्याची आठवण त्यांनी दिली आहे. अशा हजार बारीकसारीक गोष्टी हृदयात साठतात आणि तेच आपण असतो. नाताळात तुझी आई नेवऱ्या (आपल्या करंज्या) करीत असेल, आणि तुझे वडील कातण फिरवायला शेजारी बसत असतील, तर तिचे हृदय कशाने फुगले ते मला डॉक्टरांना विचारावे लागणार नाही.

कोट्टयम_ते_पिंपरी

माझे कुटुंब केरळमधील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, पण माझे शिक्षण पिंपरीत मराठी माध्यमात झाले, त्यामुळे या विषयावर मराठीत लिहिण्याची संधी मिळाली याचा आनंद आहे.

पूर्वेकडील ख्रिस्ती साधनेत ‘बुद्धीला हृदयात उतरवणे’ अशी एक भाषा आहे. ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही लहानशी प्रार्थना साधक पुन्हा पुन्हा म्हणतो. आधी ओठांनी, मग मनात, आणि पुढे ती हृदयात आपोआप चालू राहते असे अनुभवी साधक सांगतात. काही जण ती श्वासाच्या लयीवर म्हणत. चौदाव्या शतकात ग्रीसमधील आथोस पर्वतावरच्या संन्याशांवर टीका झाली की प्रार्थनेत शरीराला कशाला ओढता. तेव्हा संत ग्रेगरी पालामास यांनी त्यांची बाजू मांडली की शरीरही देवाचे मंदिर आहे आणि कृपा शरीरालाही स्पर्श करते. कॉन्स्टँटिनोपलच्या १३४१ आणि १३५१च्या धर्मसभांनी त्यांचे म्हणणे उचलून धरले. या परंपरेतील लेखांचा मोठा संग्रह, ‘फिलोकालिया’, १७८२मध्ये व्हेनिस येथे छापला गेला. ‘स्पंदन’ यांनी जपमाळेच्या लयीविषयी लिहिले ते वाचताना मला आथोसच्या त्या वादाची आठवण झाली.

एक सूचना मात्र ही परंपराच देते: श्वासाच्या पद्धती पुस्तकातून उचलून एकट्याने करू नयेत, मार्गदर्शक असावा. ज्यांना नुकताच हृदयाचा त्रास झाला आहे त्यांनी तर श्वास रोखण्यासारखे काही करूच नये. नुसती प्रार्थना, बसून, सावकाश, पुरेशी आहे.

‘वचनप्रेमी’ यांच्या मुद्द्याला धरून आणखी एक. आमच्या साधनेत हृदयाची राखण करणे म्हणजे दाराशी पहारेकऱ्यासारखे बसून आत कोणता विचार येतो आहे ते पाहणे. राग, मत्सर, आपणच बरोबर असल्याची गोडी, यांना आत घ्यायचे नाही. पण अश्रूंना तेथे अडवत नाहीत. उलट अश्रूंना देणगी म्हणतात.

वचनप्रेमी

आपल्या सर्वांच्या उत्तरांवर दोन दिवस विचार केला. नगरच्या वाचकांनी दाखवलेली तीन अध्यायांची साखळी मी स्वतः ताडून पाहिली. ती तशीच आहे. इतकी वर्षे मी चौदावा अध्याय शोकसभांत वाचला आणि प्रत्येक वेळी तो पहिल्या ओळीपासूनच सुरू केला, त्याच्या मागे कधी गेलो नाही. त्या नातलगाच्या बोलण्याविषयी मी जे लिहिले, ते मागे घेतो.

भावनेला प्रमाण मानू नये, हे माझे मत मात्र कायम आहे, आणि त्याला मेथडिस्ट परंपरेतील एक दाखला आहे. त्या परंपरेचे जनक जॉन वेस्ली यांचे हृदय लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील सभेत २४ मे १७३८च्या संध्याकाळी विलक्षण उबदार झाले, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. त्यानंतर वर्षही पुरे होण्याआधी त्यांनीच दैनंदिनीत लिहिले की आपण अजून ख्रिस्ती नाही. ऊब ओसरली, तरी ते उपदेश करीत, तुरुंगांत जात, गरिबांमध्ये फिरत राहिले. मला वाटते, हृदय म्हणजे ती ऊबही आणि ऊब नसताना उचललेले ते पाऊलही. भावाकडे मी गेलो तेव्हा माझ्या आत काडीचीही ऊब नव्हती. त्याने दार उघडले आणि “चहा घेणार?” एवढेच विचारले. ऊब नंतर आली.

स्पंदन

सांजघंटा, आणखी एक राहिले. औषधे आपल्या मनाने थांबवू नयेत, सांगितलेल्या तारखेला तपासणी करावी, आणि झोप व भूक यांकडे लक्ष असू द्यावे. शोक काही महिन्यांनंतरही तितकाच अनावर राहिला, तर समुपदेशकाला भेटण्यात कमीपणा मानू नये. हे सल्ले श्रद्धेच्या आड येत नाहीत, असे येथील चर्चा वाचून मला तरी वाटते.

सांजघंटा

आपणा सर्वांचे आभार कसे मानावेत ते कळत नाही. काल रविवारी वसईला गेले होते. दुपारी जेवणे झाल्यावर आईजवळ बसून नगरच्या काकांचा प्रतिसाद तिला मोठ्याने वाचून दाखवला, आणि मग पवित्र शास्त्र उघडून अकरावा, बारावा आणि तेरावा या अध्यायांतील त्या तिन्ही ओळी शोधून तिच्यासमोर ठेवल्या. तिने चष्मा लावून बोट ठेवत प्रत्येक ओळ स्वतः वाचली. लाजराच्या कबरेजवळच्या ओळीवर तिचे बोट थांबले. “म्हणजे त्यालाही आतून असे होत होते,” ती म्हणाली. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग तिने पदर डोळ्यांना लावला, आणि या वेळी ती उठून आतल्या खोलीत गेली नाही.

बावखल काका, आमच्याकडेही नेवऱ्या होतात आणि कातण बाबांकडेच असे. तुमचा प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला नाही, अजून थोडे दिवस जाऊ द्यावेत असे वाटले.

आता एक लहानसा प्रश्न. पुढच्या महिन्यात बाबांच्या नावाने मिस्सा ठेवली आहे. शुभवर्तमानाचे वाचन म्हणून आम्ही चौदावा अध्याय ठरवला होता. आई म्हणते, अकरावा घ्या. मृतांसाठीच्या मिस्सेत ते वाचन चालते का?

बावखल

चालते, बाळ. मृतांसाठीच्या मिस्सेच्या वाचनांत अकराव्या अध्यायातील ३२ ते ४५ या ओवी दिलेल्याच आहेत. येशू रडला ती ओवी त्यातच येते. फादरांना आठवडाभर आधी सांगून ठेव, आणि तारीख कळव. मी येईन.